मासिकांच्या मुखपृष्ठावरील स्त्री आणि आपली हैदराबादी मराठी घरे

कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत वैद्यकाच्या व अभियांत्रिकीच्या जाडजूड ग्रंथांशेजारी गुळगुळीत कागदावरील फॅशन मासिकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले असतात. इंग्रजी असो, हिंदी असो वा तेलुगू, मुखपृष्ठावरचा चेहरा एकाच साच्यातून काढल्यासारखा. त्या चेहऱ्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : अंग किती झाकले आणि किती उघडे टाकले. आमच्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. चित्र कोणी काढले, ते कोणी पाहावे म्हणून काढले, आणि चित्रातल्या बाईला नाव आहे की नाही, हे प्रश्न अधिक मोलाचे. आपल्या मराठी नियतकालिकांचा इतिहास आणि आपले हे शहर या दोहोंकडे एकत्र पाहिले म्हणजे हे विशेष जाणवते.

आरंभ कोठीपासूनच करू. इंग्रज वकील जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक, ज्यास दरबारात हशमत जंग म्हणत, त्याने १८०३ च्या सुमारास रेसिडेन्सीची भव्य कोठी बांधावयास घेतली. त्याची पत्नी खैरुन्निसा बेगम गोषात राहणारी. बाहेरच्या दर्शनी स्तंभांपुढे तिला येता येत नसे. म्हणून कोठीची एक छोटी प्रतिकृती तिच्यासाठी जनान्याच्या बागेत उभारली, अशी कथा सांगतात. कथा खरी की रचलेली हा वाद बाजूला ठेवू. प्रतिकृती मात्र खरी आहे. ज्या घराची ती धनीण, ते घर तिने नमुन्यावरून पाहावयाचे! पुढे १९४९ मध्ये याच वास्तूत उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले आणि ज्या दर्शनी पायऱ्यांवर बेगम उभी राहू शकली नाही त्यांवर मुली पुस्तके घेऊन बसू लागल्या. आज तेथे महिला विद्यापीठ आहे.

दुसरी गोष्ट १८९२ ची. राजा दीनदयाळ या विख्यात छायाचित्रकाराने हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सर्व कारभार बायकांच्या हाती आणि प्रमुख म्हणून केनी-लेव्हिक नावाची एक इंग्रज बाई. गोषातील स्त्रिया तेथे येऊन आपले छायाचित्र काढवून घेत. हे छायाचित्र घरच्यांसाठी असे, बाजारासाठी नव्हे; आणि काढणारी स्त्री, काढवून घेणारीही स्त्री. स्त्रीच्या चित्राच्या इतिहासात असा योग फार थोड्या वेळा आलेला आहे. त्या बंदिस्तपणाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ‘कोणासाठी’ या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर पुढच्या शंभर वर्षांत क्वचितच सापडते.

मराठी मुलखात याच काळात चित्र बाजारात येत होते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि देवादिकांच्या व पौराणिक नायिकांच्या तसबिरी घरोघर पोहोचल्या. त्यांतील अनेक नायिका महाराष्ट्रीय नेसण नेसलेल्या आहेत, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ १८९५ चे. १९०९ मध्ये त्यांनी दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि सणाच्या अंकास सजलेल्या स्त्रीचे चित्र हवेच, असा संकेत कालांतराने रूढ झाला. मात्र या काळात मराठी स्त्रीने कसे दिसावे हे ज्याने सर्वांत अधिक ठरविले तो चित्रकार नव्हे, नट होता. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी यांची नेसण, त्यांचा अंबाडा, त्यांची नथ व गजरा यांचे अनुकरण घरंदाज बायका करीत. आपल्या फॅशनचा पहिला मोठा नमुना पुरुषाने उभा केला आणि तो इतका सुंदर होता की त्यात कोणास काही विचित्र वाटले नाही.

१९३० च्या ऑगस्टमध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढले. शंवाकि स्वतः मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार. चित्राची ताकद त्यांना कोणी शिकवावी असे नव्हते. किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या त्या मासिकाने शिक्षण, नोकरी, प्रौढविवाह, घटस्फोट, पोशाख अशा सर्व विषयांवर बायकांना लिहावयास लावले. सकच्छ नेसावे की गोल पातळ नेसावे हा वाद तेव्हा साधा नव्हता. त्यावरून घरोघर अबोले झाले. ‘स्त्री’चे आम्हांस वाटणारे मोठेपण असे की तेथे बाई नुसती पाहण्याची वस्तू न राहता बोलू लागली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकास र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’. १९२७ ते १९५३ इतकी वर्षे चाललेल्या या मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचे चित्र छापीत. शरीरात लाजण्यासारखे काही नाही, ही त्यांची रोखठोक भूमिका. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. पण गंमत अशी की खटले ओढवले ते आतल्या मजकुरावरून. १९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखामुळे आणि १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांमुळे! नागव्या चित्रापेक्षा स्पष्ट वाक्य समाजास अधिक बोचते, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

१९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. पदवीधर, मध्यमवर्गीय मराठी स्त्रीचा चेहरा साबणाच्या वडीबरोबर विकला जाऊ लागला, आणि येथून पुढे मासिकाचा जमाखर्च जाहिरातदाराच्या हाती गेला. हे विसरून मासिकांना नुसता दोष देण्यात अर्थ नाही. अंकाची किंमत कागदाचा खर्चही भागवीत नाही. तो भागवितो साबणवाला, तेलवाला, साडीवाला. ज्याचे पैसे त्याची नायिका.

स्वातंत्र्यानंतरची दोन-अडीच दशके मराठी मुखपृष्ठांवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांचे राज्य होते. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला. मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ व ‘रत्नदीप’. दलालांची रेषा जिवंत, मुळगावकरांची स्प्रेने उडविलेली मऊ झळाळी. त्या काळी तिरंगी ब्लॉक महाग असत, म्हणून बहुधा मुखपृष्ठ तेवढे रंगीत आणि आतला मजकूर काळा. यामुळे एक विलक्षण विभागणी झाली. बाहेर रंगात न्हालेली, निवांत, नथ घातलेली बाई. आत काळ्या शाईत नोकरी, सासर आणि गर्भारपण यांच्याविषयी लिहिणारी दमलेली बाई. दोघींची गाठ एका अंकात पडे, पण ओळख होत नसे. (‘आवाज’ने १९५१ पासून खिडकीचित्रांची जी थट्टा चालविली तिचा विनोदही शेवटी वाचकाच्या नजरेवरच उलटे, ही गोष्ट त्या अंकास नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात घेतलेली दिसत नाही.)

आता हे अंक आपल्या घरांत येऊन काय करीत, ते पाहू. सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार या परिसरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना मासिके म्हणजे पुण्या-मुंबईशी असलेला धागा. रेसिडेन्सी बाजार १९३३ मध्ये निजामाकडे परत जाऊन त्याचा सुलतान बाजार झाला तरी मराठी वाचन येथे अखंड चालू होते. ‘निजाम विजय’ साप्ताहिक १९२० पासून निघत होते, इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयात मासिके वाचावयास मिळत, आणि पोस्टाने आलेला अंक चार घरे फिरून सुटा होऊन परत येई. त्यातली मुखपृष्ठे कापून चौकटीत लावणारी घरेही होती. चित्रातली बाई हळूहळू ‘मराठी बाई’चे मोजमाप झाली. आपल्या घरातली स्त्री त्या मापात नेमकी बसत नसे. तिच्या बोलण्यात दखनीचे वळण, हातात लाडबाजारच्या लाखेच्या बांगड्या, गळ्यात येथल्याच जवाहिऱ्याकडून ओवून घेतलेले मोती आणि अंगावर नारायणपेठी. मुलीचे स्थळ पुण्याकडचे असले म्हणजे तिला ‘तिकडच्यासारखे’ नेसविण्याची धडपड चाले. आपली माणसे मुलुखाने दूर होतीच. चित्राने ती स्वतःच्याच घरात थोडी परकी केली.

आणि यातली खरी मौज अशी : मुखपृष्ठावरील अस्सल मराठमोळी म्हणून मिरविणारी पैठणी कोठे विणली जाई? पैठण औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात. नारायणपेठही निजामाच्याच राज्यात. आज ते तेलंगणातील एका जिल्ह्याचे ठिकाण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आपल्यापासून निघाला तेव्हा पैठण त्याच्यासोबत गेले आणि नारायणपेठ आपल्याकडे उरले. जी मूर्ती मुंबईचा चित्रकार महाराष्ट्राची म्हणून रंगवीत होता तिचे वस्त्र आपल्याच राज्याच्या मागावरचे होते. सुलतान बाजारच्या दुकानात काठ चाचपून पाहणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक असणार. मासिकाने ते कधी छापल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

इंग्रजीत ‘फेमिना’ १९५९ मध्ये सुरू झाले. त्याची धुरा विमला पाटील या मराठी संपादिकेने १९९३ पर्यंत दीर्घकाळ वाहिली. पुढे बाजार खुला झाला. १९९६ मध्ये ‘एल’ व ‘कॉस्मोपॉलिटन’ यांच्या आणि २००७ मध्ये ‘व्होग’च्या भारतीय आवृत्त्या आल्या. १९९४ ची विश्वसुंदरी सुश्मिता सेन हिचा जन्म हैदराबादचा. गोषामहल नावाचा मोहल्ला असलेल्या शहराला हा बदल पचविण्यास फारसे दिवस लागले नाहीत.

सरकारी नोकरीत जन्म गेल्याने कायद्याचे कलम मुळातून वाचण्याची खोड आम्हांस आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणास मनाई करणारा कायदा १९८६ चा. त्याच्या व्याख्येत ‘असभ्य’ याबरोबरच स्त्रीला कमी लेखणारे, तिची अवहेलना करणारे चित्रणही येते. व्यवहारात तक्रार होते ती पहिल्याच शब्दावर. मधु सप्रे व मिलिंद सोमण यांच्या १९९५ मधील बुटांच्या जाहिरातीवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो चौदा वर्षे चालून २००९ मध्ये निर्दोष सुटकेने संपला. अवहेलनेच्या कलमाखाली एवढी चिकाटी कोणी दाखविल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आणि अवहेलना कपड्यांत नसतेच. ऑगस्ट २००८ च्या भारतीय ‘व्होग’मध्ये खेड्यातील गरीब माणसांच्या अंगावर महागड्या वस्तू घालून काढलेली छायाचित्रे आली. दात पडलेल्या एका म्हातारीच्या कडेवरील मुलाच्या गळ्यात शंभर डॉलरची लाळपट्टी होती. बाई नखशिखांत झाकलेली. कोणत्याही कायद्यास हरकत नाही. परंतु मजकुरात लाळपट्टीच्या कंपनीचे नाव होते, म्हातारीचे नव्हते. मे २०२५ मध्ये जगत्सुंदरी स्पर्धा आपल्या शहरात भरली. स्पर्धक मुली लाडबाजारात बांगड्या पाहून आल्या, ते छानच झाले. पण रामप्पा मंदिराच्या भेटीत स्थानिक बायकांनी त्यांच्या पायांवर पाणी घालून ते पुसले, ती चित्रे देशभर गेली व त्यावर गदारोळ उठला. कॅमेऱ्याच्या चौकटीत दोन्ही बायाच होत्या. एक चित्राचा विषय, दुसरी चित्राची मागची बाजू.

नटण्याची हौस वाईट नाही. ती कोणत्याही मासिकाहून जुनी आहे, आणि तिला तुच्छ मानणारे सुधारक आम्हांस कधीच पटले नाहीत. विद्या बाळ यांनी ‘स्त्री’चे संपादन केले आणि तेथून बाहेर पडल्यावर ऑगस्ट १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. त्यांनी बायकांना एकमेकींशी बोलण्यास जागा करून दिली. जाहिरातदाराच्या नायिकेवाचूनही मासिक चालते हे त्यांनी मराठीत दाखवून दिले. अशा अंकांचे वाचक आपल्याकडे थोडे, पण होते.

आपल्या जुन्या घरांत मात्र याहून वेगळा एक ठेवा पडून आहे, तो म्हणजे आबिद्सच्या वा सिकंदराबादच्या स्टुडिओंत काढलेली कौटुंबिक छायाचित्रे. आमच्या पाहण्यातल्या अशा कित्येक छायाचित्रांच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का, साल आणि यजमानांचे नाव हुद्द्यासह असते. शेजारी उभ्या असलेल्या बाईसाठी ‘सहकुटुंब’ एवढा एकच शब्द. समोरच्या बाजूस नारायणपेठीच्या चौकड्या अजून मोजता येतात, बांगड्या मोजता येतात. या स्त्रियांची नावे सांगू शकणाऱ्या आत्या-मावश्या आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना छायाचित्रे दाखवून नावे, माहेरची आडनावे आणि साडी कोणत्या दुकानातली तेही पेन्सिलीने मागे लिहून घ्यावे, आणि शक्य असेल त्यांनी एकेक प्रत ग्रंथसंग्रहालयात आणून द्यावी.