वनस्पती शरीरक्रियाशास्त्राचा प्रात्यक्षिकवर्ग : काचेच्या नळीपासून कावेरीच्या शेतापर्यंत

वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जर्नलमध्ये काही नावे हमखास भेटतात : गॅनाँगचा पोटोमीटर, गॅनाँगचा श्वसनमापी, मोलचा अर्धपर्ण प्रयोग. आकृती काढली जाते, निरीक्षणे लिहिली जातात. पण ही माणसे कोण होती, हे सहसा विचारले जात नाही. प्रस्तुत पाठात या वर्गाचा इतिहास थोडक्यात पाहू.

वर्गाचा उगम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे युलियस झाक्स यांची प्रयोगशाळा या विषयाचे केंद्र होती. प्रकाशात ठेवलेल्या पानात पिष्ट तयार होते, हे त्यांनी आयोडिनच्या साहाय्याने दाखवले. आजही आपला पहिला प्रयोग बहुधा तोच असतो. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी झाक्स यांच्याकडे काम केले आणि पुढे केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना स्वतः प्रयोग करायला लावले. त्या अध्यापनातून 1894 साली त्यांचे व अ‍ॅक्टन यांचे प्रात्यक्षिकांचे पुस्तक निघाले.

विल्यम गॅनाँग हे अमेरिकेतील स्मिथ कॉलेज या महिला महाविद्यालयात शिकवत. त्यांचे प्रयोगशाळेसाठीचे पुस्तक 1901 साली आले. त्यांनी रचलेली मोजमापाची उपकरणे बॉश अँड लॉम्ब कंपनी तयार करून विकत असे. त्यामुळे 'पान पाणी सोडते' एवढ्यावर न थांबता 'किती, किती वेळात' हे विद्यार्थी स्वतः मोजू लागले.

भारतात

जगदीशचंद्र बोस यांनी मात्र आपली नाजूक यंत्रे कोलकात्यातच बनवून घेतली. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा त्यांचा क्रेस्कोग्राफ प्रसिद्ध आहे. 1917 साली त्यांनी बोस संस्था स्थापन केली. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रु. हो. दस्तूर यांनी 1920च्या दशकात पानातील पाण्याचे प्रमाण आणि प्रकाशसंश्लेषण यांचा संबंध तपासला. पुढे पंजाबात अमेरिकन कापसाची बोंडे अवेळी उकलत. तेथे या रोगाला 'तिरक' म्हणत. दस्तूर यांनी त्याचे मूळ जमिनीत शोधले : कुठे नत्राची कमतरता, कुठे खालच्या थरातील क्षार. प्रयोगशाळेतील मोजमापाची सवय शेतकऱ्याच्या कामी आली.

तिरुवलंचुळीचे शेत

आता कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळीकडे वळू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1799 पर्यंत हा प्रदेश तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात होता. येथील शेतकरी भाताचे हंगाम नावाने ओळखतो : जूनच्या सुमारास सुरू होणारे, कमी मुदतीचे कुरुवै आणि ऑगस्टनंतरचे लांब मुदतीचे सांबा. सांब्याचे पारंपरिक वाण दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतात. तेच वाण जूनमध्ये लावले, तर शेत हिरवे वाढत राहील, पण लोंबी वेळेवर येणार नाही. म्हणून कुरुवैला दिवसाच्या लांबीची वाट न पाहणारे वाण लागते.

गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी 1920 साली दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध शास्त्रीय रीतीने मांडला. शेतकऱ्याला हंगाम माहीत होता. शास्त्राने त्यामागचे कारण सांगितले. जवळच्या आडुतुरै येथे 1922 साली भातसंशोधन केंद्र सुरू झाले. तेथील एडीटी 27 हे इंडिका व जपानी भातांच्या संकरातून आलेले वाण कुरुवै हंगामासाठीच होते.

या इतिहासाचा उपयोग काय?

पोटोमीटरच्या नळीत बुडबुडा सरकतो. जर्नलमध्ये आपण 'बाष्पोच्छ्वासाचा वेग' असे लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात ते उपकरण फांदीने शोषलेले पाणी मोजते. त्यातील थोडे पाणी फांदीतच राहते. आपण नेमके काय मोजले, हा प्रश्न विचारण्यासाठीच हा वर्ग निर्माण झाला. गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवले, तर गुण मिळतील, पण तो प्रश्न सुटून जाईल. त्याच प्रश्नाच्या जोरावर दस्तूर बोंडावरून जमिनीपर्यंत पोहोचले.

स्वाध्याय

1. पोटोमीटरमधील फांदी पाण्याखालीच का कापावी लागते?
2. तुमच्या भागातील एका पिकाच्या दोन हंगामांची वाणे वेगळी का आहेत, हे शेतकऱ्याला विचारा आणि त्याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत लिहा.