एका पंगतीचा प्रश्न

ख्रिस्ती धर्म म्हणजे काय, हे चार ओळींत सांगता येते. नासरेथचा येशू रोमन सुभेदार पिलात याच्या हुकमाने क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्याच्या ठायी देवाने माणसाशी समेट केला. पण हा समेट नेमक्या कोणत्या माणसांशी? या प्रश्नाचा निकाल लागला तो जेवणाच्या पंगतीत. इसवी सन 50 च्या आसपास सीरियातील अंत्युखिया शहरात येशूचे अनुयायी घराघरांत जमत. त्यांत यहुदी होते, ग्रीकही होते, आणि प्रार्थनेइतकेच एकत्र जेवण हे त्यांच्या जमण्याचे अंग होते. येशूचा शिष्य पेत्र तिथे आला तेव्हा तो सर्वांबरोबर जेवत असे. पुढे जेरुसलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली आणि सुंता न झालेल्यांच्या पंगतीतून पेत्र हळूच बाजूला झाला. त्याचे पाहून इतर यहुदी उठले, पौलाचा सहकारी बर्णबाही उठला. तेव्हा धर्मप्रचारक पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला फैलावर घेतले, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ती हकीकत नोंदवून ठेवली. पंक्तिभेद म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पौलाचे म्हणणे असे होते, की एकदा ताट वेगळे झाले की संदेशच खोटा ठरतो. येशूच्या सर्वांत मोठ्या शिष्याची ही चूक चर्चने पुढे धर्मग्रंथात जशीच्या तशी राहू दिली, याचे मला फार मोल वाटते.

यावर एक आक्षेप ग्रंथातूनच निघतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना विदेशी लोकांकडे जाऊ नका, इस्राएलच्या हरवलेल्या मेंढरांकडे जा, असे बजावतो. मग हा संदेश मुळात एकाच लोकांसाठी होता आणि पौलाने तो ओढूनताणून जगाचा केला, असे का म्हणू नये? हा आक्षेप हलका नाही. येशूचे बहुतेक सारे काम गालील आणि यहुदिया या मुलखातच झाले. पण त्याच मत्तयात एका कनानी बाईची गोष्ट आहे. लेकराची भाकरी कुत्र्यांना घालणे बरे नव्हे, हे कठोर उत्तर ऐकूनही ती मागे हटत नाही. मेजावरून पडणारा चुरा तरी कुत्र्यांना मिळतोच, असे ती म्हणते, आणि येशू तिच्यापुढे माघार घेतो. शिवाय त्याच्यावर ठेवलेला नेहमीचा आरोप काय होता, तर तो जकातदार आणि पापी यांच्या पंगतीला बसतो. म्हणजे पौलाने नवा रस्ता काढला नाही. यहुदी समाजाच्या आत मोडलेली रेघ त्याने त्या समाजाच्या बाहेरही मोडली. जेरुसलेममध्ये भरलेल्या प्रेषितांच्या सभेने विदेशी अनुयायांसाठी सुंतेची अट काढून टाकली आणि मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेले जनावर अशी मोजकीच पथ्ये ठेवली. दोन्ही समाजांना एका मेजाभोवती बसता यावे, हा त्यांतल्या आहारपथ्यांचा व्यावहारिक अर्थ होता.

एका पंगतीची हीच कसोटी आपल्या मुलखातल्या इतिहासाला लावावी. सहाव्या शतकात कोस्मास या प्रवाशाने कल्लियाना येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि ते गाव बहुधा आपले कल्याण. तेव्हा हा धर्म पोर्तुगीज जहाजांबरोबरच आला, असे म्हणता येत नाही. पण गोव्यात तो सत्तेच्या आधाराने पसरला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. साष्टीत 1567 साली देवळे पाडली गेली, 1560 पासून इन्क्विझिशन होते. त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचले आणि 1616 साली ते रायतूरला छापले गेले. पुराणे हिरावून घेतलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण हवे होते, ही गरज त्याने ओळखली. मात्र भाषा आपली झाली, तरी पंगत एक झाली नाही. बामण, चारडो, सुदिर हे भेद चर्चच्या दारातून आत आले, आणि कॉन्फ्रारिया म्हणजे चर्चची मानकरी मंडळे जातीप्रमाणे वेगळी राहिली. मातेउश द कास्त्रो या गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्ती माणसाला तर पाद्री होण्यासाठी रोम गाठावे लागले; 1637 मध्ये तो बिशप झाला तोही तिथेच. ज्या गोऱ्या सत्तेने त्याला बाप्तिस्मा दिला, तिला त्याच्या हातून प्रभुभोजन घेणे अवघड गेले.

अहमदनगरची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे प्रश्न टळलाच नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये तिथे ठाणे केले आणि 1839 साली हरिपंत खिस्ती या ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला ब्राह्मणापासून महारापर्यंत एकच असायचा. आज वाचताना ही बाब किरकोळ वाटेल. त्या काळात एका घोटाने माणसाचे घर, बायको, पाणवठा, सगळे तुटत असे. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर दुरावलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परतल्या, तरी त्यांनी आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. पुढे मनाशी झगडून, जातीचा भेद देवाने केलेला नाही या निष्कर्षाला त्या स्वतः आल्या आणि कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला दिसेल, की त्यांचे मन आधी पाण्याच्या भांड्यापाशी बदलले, चर्चमध्ये नंतर.

दुष्काळात पोटासाठी लोक ख्रिस्ती झाले, हा आक्षेप नेहमीचा. 1876–78 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार-मांग वस्त्यांतून ओघ वाढला, ही गोष्ट खरी. पण ज्याला शिवण्याचीही बंदी, त्याला कोणी शेजारी बसवून अन्न दिले, शाळेत पाटी हाती दिली, तर त्यात पोट कुठे संपते आणि मान कुठे सुरू होतो, हे वेगळे काढणारे आपण कोण? भुकेल्याने भुकेपोटी घेतलेला निर्णय हलका आणि भरल्या पोटी घेतलेला भारी, हे माप मला मान्य नाही. आणि हा संदेश स्वीकारणारे सगळेच गोऱ्यांपुढे नमले, असेही नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत, असा हट्ट आपल्या मठवासी मार्गदर्शक बाईंपुढे धरला. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' उभा केला.

खरा जड आक्षेप आणखी वेगळा आहे, आणि तो बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. धर्म बदलूनही अस्पृश्यता सुटली नाही, चर्चने जातीशी तडजोड केली, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही, कारण ते वस्तुस्थितीला धरून आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. त्यांच्या धर्मात जात नाही, असे त्यामागे गृहीत आहे. उलट 2016 मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या धोरणपत्रात चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, हे स्वतः कबूल केले. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत बांधली गेली होती. या संदेशावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी तो कोणासाठी आहे हे दुसऱ्यांना सांगायला निघण्याआधी अशा भिंती पाडाव्यात.