कांजी स्मरणाच्या युक्त्या

जपानी लेखनात चिनी लिपीतून घेतलेल्या चिन्हांना कांजी म्हणतात. अशा चिन्हाचे लहान घटक ओळखावेत, त्यांना नावे द्यावीत आणि त्या नावांची छोटी गोष्ट रचून अर्थ व लेखन ध्यानात ठेवावे, ही कांजी शिकण्याची एक पद्धत आहे. जपानी शासनाच्या 'जोयो कांजी' यादीत २०१० च्या सुधारणेनंतर २,१३६ चिन्हे आहेत. त्यांपैकी १,०२६ चिन्हे प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवली जातात. जपानी मुले ती गिरवून शिकतात. मात्र बोलती भाषा त्यांच्या कानांवर आधीच असते. प्रौढ वयात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला हा आधार नसल्याने युक्त्यांची गरज मुख्यतः त्यालाच भासते.

पद्धत

एका झाडाचे चिन्ह म्हणजे 'की' (झाड), तीच दोन शेजारी लिहिली की 'हायाशी' (वनराई) आणि तीन एकत्र आली की 'मोरी' (अरण्य). माणूस व झाड हे घटक जोडले की 'विश्रांती' हा अर्थ होतो. झाडाला टेकलेला वाटसरू डोळ्यांपुढे आणला की हे चिन्ह सहसा विसरत नाही. अमेरिकन अभ्यासक जेम्स हायझिग यांच्या 'रिमेम्बरिंग द कांजी' या पुस्तकाने ही पद्धत लोकप्रिय केली. त्याच्या पहिल्या खंडात केवळ अर्थ व लेखन असून उच्चार दुसऱ्या खंडात येतात.

मर्यादा

खरी अडचण उच्चारांची आहे. देवनागरीत अक्षर दिसताच ध्वनी कळतो. कांजीत एकाच चिन्हाला बहुधा 'कुन' (जपानी) आणि 'ओन' (चिनी मूळाचा) असे निरनिराळे उच्चार असतात. 'डोंगर' हे चिन्ह एकटे असता 'यामा' आणि फुजी पर्वताच्या नावात 'सान' असे वाचतात. मराठीत रूढ असलेल्या 'फुजियामा'ला जपानी लोक 'फुजिसान' म्हणतात ते यामुळेच. हा 'सान' व्यक्तिनामापुढचा आदरार्थी शब्द नव्हे.

शिवाय रचलेली गोष्ट म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. 'वेळ' या अर्थाच्या चिन्हात सूर्य आणि बौद्ध मंदिर हे घटक आहेत. मंदिराशेजारचा सूर्य पाहून वेळ कळते, ही गोष्ट चटकन पटते. प्रत्यक्षात मंदिराचा घटक 'जी' हा ध्वनी सुचवण्यासाठी आलेला आहे. 'हातात धरणे' आणि 'सामुराई' या अर्थांच्या चिन्हांतही तो आहे व त्यांचाही ओन उच्चार 'जी' आहे. बहुसंख्य कांजी अशाच अर्थघटक व ध्वनिघटक मिळून बनलेल्या असल्याने, गोष्टीच्या ओघात ध्वनिघटक दृष्टीआड झाला तर विद्यार्थ्याचे नुकसानच होते. अर्थात ध्वनिघटकही सर्वत्र भरवशाचा नाही: 'वाट पाहणे' या चिन्हात तेच मंदिर आहे, पण उच्चार 'ताइ' होतो.