गट्टापर्चा, टेफ्लॉन आणि एक स्क्रू

१८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकली. तांब्यापर्यंत खारं पाणी पोचू नये म्हणून त्यावर गट्टापर्चाचं आवरण होतं. गट्टापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक, गरम केला की मऊ, गार झाला की घट्ट. दातवाल्यांनी तो त्याआधीच उचलला होता; रूट कॅनॉल भरायला आजही तोच लागतो.

हे सगळं शोधायला लागलो ते बाबांमुळे. ते घनसावंगीला असतात. त्यांचा इम्प्लांटवरचा दात हलायला लागला आणि पैसे पाण्यात गेले, असं घरात सगळ्यांनी धरूनच टाकलं. जालन्याच्या डॉक्टरांनी दातावरचं सिमेंट कोरलं, आतून पांढरी पट्टी ओढून काढली (नळाच्या आट्यांना गुंडाळतात तीच टेफ्लॉन टेप!), खालचा स्क्रू आवळला. संपलं.

म्हणजे हाड शाबूत होतं. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनमार्कला १९५२ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं. १९६५ साली पहिला पेशंट. पण वरचा दात आणि खालचं टायटॅनियम यांना जोडतो तो इवलासा स्क्रू, आणि तो एकजीव वगैरे होत नाही. साधारण ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटरने आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि स्प्रिंगसारखा दोन्ही भाग धरून ठेवतो. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दबले की ताण उतरतो, म्हणून दहा मिनिटांनी परत आवळायचा. ब्रोनमार्कच्या इम्प्लांटवरचा षट्कोन जेमतेम ०.७ मिलिमीटर उंच, तोही मुळात इम्प्लांट हाडात फिरवून बसवण्यासाठी. पुढे त्यावर सुटे दात बसवायला लागले आणि स्क्रू सैल व्हायला लागले. मग षट्कोन आत गेला, शंकूसारखे सांधे आले.

सांध्यात काही मायक्रॉनची फट उरतेच, आणि जंतूंना तेवढी पुरते. स्क्रू सैल झाला की प्रत्येक घासाला ती उघडझाप करते. स्क्रूवरच्या भोकात पूर्वी कापूस भरत. तो लाळ शोषून घ्यायचा, वास यायचा. गट्टापर्चा आणि सिलिकॉनही वापरतात. टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला फ्रिजच्या गॅसवर काम करताना अपघाताने सापडलं. ते ऑटोक्लेव्हमध्ये टिकतं, आणि अख्खं ओढून काढता येतं. स्क्रू घट्ट ठेवणं हे मात्र त्याचं काम नाही. ते फक्त स्क्रूचं डोकं स्वच्छ ठेवतं.

बाबांच्या फाइलवर आता इम्प्लांटची कंपनी आणि स्क्रूचा प्रकार लिहून घेतलाय. प्रत्येक कंपनीचा स्क्रूड्रायव्हर वेगळा असू शकतो, आणि दहा वर्षांनी समोर कुठला डॉक्टर असेल कोण जाणे.