दहावीच्या वर्षातला एक फलक

‘काहीतरी लिही, पण आठवणी नकोत, त्या सगळ्यांनीच पाठवल्यात’ असा संपादक मंडळाचा निरोप आला. मी इतिहास शिकवतो आणि फुटबॉल बघतो, तेव्हा दोन्ही जमेल असा विषय निवडला. वर्ष आपलंच आहे, 1989-90, म्हणजे आपण दहावीत होतो ते. गाव मात्र कोल्हापूर नाही, मँचेस्टर आहे.

त्या वर्षी आपल्याला मँचेस्टर युनायटेडची काही खबर नव्हती. आपला फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तालमींचे संघ आणि दूरदर्शनवर पाहिलेला मॅराडोना. अलेक्स फर्ग्युसन हे नाव केबल आल्यावर कळलं, आणि तोवर तो मोठा झालेला होता. म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की तो पहिल्यापासून मोठाच होता.

इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे नुसता प्रशिक्षक नव्हे. संघ निवडायचा, खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे आणि हरल्यावर शिव्या खायच्या, ही सगळी कामं त्याची. फर्ग्युसन 6 नोव्हेंबर 1986 रोजी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून आला. तिथे त्याने तीन वेळा लीग जिंकली होती आणि 1983 मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपातला कप-विनर्स चषक आणला होता. युनायटेड तेव्हा 22 संघांत 21वा होता. पहिल्या मोसमात त्याने संघ 11वर आणला, दुसऱ्यात थेट दुसऱ्या क्रमांकावर. लोक खूश झाले. तिसऱ्या मोसमात पुन्हा 11वा. शेवटची लीग जिंकून तेव्हा 22 वर्षं झाली होती, आणि शेजारच्या लिव्हरपूलची कपाटं चषकांनी भरत होती.

मग आपलं दहावीचं वर्ष उजाडलं. उन्हाळ्यात त्याने पैसा पाण्यासारखा ओतला. एकट्या गॅरी पॅलिस्टरसाठी 23 लाख पौंड मोजले. दुसरीकडे पॉल मॅक्ग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या प्रेक्षकांच्या दोन लाडक्यांना विकून टाकलं. सप्टेंबरमध्ये, नुकत्याच वरच्या श्रेणीत आलेल्या मँचेस्टर सिटीने युनायटेडला 5-1 असं धुतलं. हे समजायला शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ डोळ्यांसमोर आणा. हरणं चालतं, पण शेजाऱ्याकडून असं हरल्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जायची सोय राहत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत लीगमधला एकही सामना जिंकला नाही.

9 डिसेंबर 1989 रोजी घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसने युनायटेडला 2-1 हरवलं. त्या दिवशी प्रेक्षकांत एक फलक झळकला. मजकूर साधारण असा होता: तीन वर्षं सबबी ऐकल्या, खेळ तसाच भिकार, या आता फर्ग्युसनसाहेब. हा फलक पुढे फार प्रसिद्ध झाला. आज तो दाखवतात तो त्या प्रेक्षकाची फजिती म्हणून. मला हे पटत नाही. त्या दिवशी त्याच्यासमोर जे होतं त्यावरून दुसरं काय लिहायचं होतं? लाडके खेळाडू गेले, पैसा गेला, क्रमांक घसरत होता. स्वतः फर्ग्युसननेही तो काळ आपल्या कारकिर्दीतला सर्वांत अंधारा होता असं पुढे सांगितलं आहे. आणि मॅक्ग्राच्या बाबतीत प्रेक्षक अगदीच चुकले नव्हते. तो ॲस्टन व्हिलाकडून खेळला आणि 1993 मध्ये खेळाडूंनी त्यालाच वर्षातला सर्वोत्तम निवडलं.

7 जानेवारी 1990 रोजी एफए कपचा सामना नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर होता. दंतकथा अशी की हरला असता तर फर्ग्युसन घरी गेला असता. वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सने डोक्याने गोल केला, युनायटेड 1-0 जिंकला, आणि तिथून इतिहास बदलला. क्लबचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र नंतर वारंवार सांगितलं की त्याला काढायचा विचारच नव्हता. आता, 13 लीग विजेतेपदं आल्यावर ‘आम्ही त्याला काढणार होतो’ असं कोण कबूल करेल? तरीही माझा कल एडवर्ड्सकडे आहे. काढायचंच असतं, तर 5-1 नंतर निमित्त शोधावं लागलं नसतं.

पुढचा प्रवास मात्र खराच अजब झाला. हेरेफर्ड, न्यूकॅसल, शेफील्ड युनायटेड, सगळे सामने परक्या मैदानांवर आणि सगळे एकेका गोलाच्या फरकाने. उपांत्य फेरीत ओल्डहॅमशी 3-3, मग फेरसामन्यात पुन्हा रॉबिन्सचाच निर्णायक गोल. अंतिम सामन्यात समोर तोच क्रिस्टल पॅलेस! पहिल्या दिवशी 3-3. फेरसामन्यासाठी फर्ग्युसनने गोलरक्षक जिम लेटनला बसवलं. हा लेटन ॲबर्डीनपासून त्याच्याबरोबर होता, माद्रिदला हरवताना गोलात उभा होता. त्याच्या जागी ल्यूटनकडून उसना आणलेला लेस सीली खेळला. 17 मे रोजी ली मार्टिनच्या गोलवर युनायटेड 1-0 जिंकला. लेटनची युनायटेडमधली कारकीर्द जवळपास तिथेच संपली. चषकाच्या फोटोंकडे बघताना मला दर वेळी तोच आठवतो.

वेम्बलीवर नाचलेल्यांत डिसेंबरमध्ये शिट्ट्या मारलेले किती असतील याचा अंदाज करा. गंमत म्हणजे लीगच्या तक्त्यावर काही सुधारलंच नव्हतं. त्या मोसमात युनायटेड 13वा आला, आधीच्या वर्षापेक्षाही खाली, खालच्या श्रेणीत ढकलले जाण्यापासून जेमतेम पाच गुणांवर. मत बदललं ते कपमधल्या एकेका गोलाच्या विजयांवर.

खरं काम दुसरीकडे चालू होतं आणि ते स्टँडमधून दिसणारं नव्हतं. मुलं हेरणाऱ्यांचं जाळं फर्ग्युसनने नव्याने विणलं होतं. सिटीच्या शाळेत शिकणाऱ्या एका पोराच्या चौदाव्या वाढदिवशी, 1987 मध्ये, तो स्वतः त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. तो पोरगा म्हणजे रायन गिग्ज. 1992 मध्ये गिग्ज, बेकहॅम, बट आणि गॅरी नेव्हिल यांच्या पोरसवदा संघाने एफए युवा चषक जिंकला (अंतिम फेरीत कोण, तर पुन्हा क्रिस्टल पॅलेस). दारूचे अड्डे करणाऱ्या जुन्या संघाला त्याने शिस्त लावली, आणि मॅक्ग्रा-व्हाइटसाइड गेले त्यामागे हेही होतं. 1991 मध्ये बार्सिलोनाला हरवून युरोपातला चषक आला, 1993 मध्ये 26 वर्षांनी लीग. 2011 मध्ये मैदानाच्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं.

आज मँचेस्टरमध्ये ‘मी तेव्हा त्याच्या विरुद्ध होतो’ म्हणणारा माणूस सापडायला कठीण. सापडतो तो फलकवाला, कारण त्याने लिहून ठेवलं होतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आपल्या ग्रुपवर भूमितीच्या सरांचा विषय निघाला की ‘देवमाणूस’, ‘आपल्याला तेव्हाच कळलं होतं’ असे निरोप येतात. मित्रहो, आपल्याला काहीही कळलं नव्हतं. नववीत सर आले, त्यांनी दहावीचं सोडून आठवीची प्रमेयं पुन्हा काढायला लावली, सहामाहीत अर्धा वर्ग आपटला, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी आपण मुख्याध्यापकांना अर्ज दिला की शिक्षक बदलून मिळावेत. सह्या तिसाच्या वर होत्या. मुख्याध्यापकांनी अर्ज ठेवून घेतला आणि सर राहिले. दहावीचा निकाल लागल्यावर आपण पेढ्यांचा पुडा घेऊन सरांच्या घरी गेलो. ते सगळ्यांना आठवतं. अर्ज कुणालाच आठवत नाही.

तो मी लिहिला होता. वर्गात अक्षर चांगलं म्हणून काम माझ्याकडे आलं, पण ‘विद्यार्थ्यांचे अपरिमित नुकसान होत आहे’ हे वाक्य मला कुणी सांगितलेलं नव्हतं, ते माझंच. मेळाव्याला सर येणार आहेत असं कळलं. त्यांनी अर्ज पाहिला होता की नाही हे त्यांना विचारणार आहे. पाहिला असेल, तर कुणाचा ते विचारायची त्यांना गरज पडली नसणार. माझ्या वह्या दर शनिवारी तेच तपासत होते.