परदेशी सरकारी निवृत्तिवेतन : भारतीय आयकर विवरणपत्रातील नोंद

परदेशातील सरकारकडून किंवा तेथील सामाजिक सुरक्षा योजनेतून भारतात राहणाऱ्या व्यक्तीला मिळणारे पेन्शन आणि त्याची आयकर विवरणपत्रात करावयाची नोंद. अमेरिका, ब्रिटन येथे नोकरी करून परतलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न हमखास पडतो. गोव्यात तो जुनाच आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज प्रशासनात नोकरी केलेल्या काही गोमंतकीयांना पोर्तुगालकडून पेन्शन मिळत आले.

निवासी दर्जा : कर ठरतो तो नागरिकत्वावरून नव्हे, वास्तव्यावरून. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारी व्यक्ती निवासी ठरते. मात्र ती मागील १० पैकी ९ वर्षे अनिवासी असेल, किंवा मागील ७ वर्षांत भारतात ७२९ दिवसांहून अधिक राहिलेली नसेल, तर ‘सर्वसाधारण निवासी नसलेली’ गणली जाते. परतल्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत हा दर्जा बहुधा मिळतो व तोवर परदेशी पेन्शनवर येथे कर लागत नाही. पण पेन्शन थेट भारतातील बँक खात्यात जमा होत असेल, तर ती रक्कम ‘भारतात प्राप्त’ ठरून ही सवलत जाते. सर्वसाधारण निवासी झाल्यावर जगभरचे उत्पन्न करकक्षेत येते.

करारातील तरतुदी : दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेशी १९८९ साली झालेल्या कराराच्या अनुच्छेद २० नुसार तेथील सोशल सिक्युरिटीवर कर लावण्याचा अधिकार केवळ अमेरिकेला आहे. तेथे न राहणाऱ्या व तेथील नागरिक नसलेल्या लाभार्थ्याच्या ८५ टक्के रकमेवर ३० टक्के, म्हणजे एकूण रकमेच्या २५.५ टक्के कर सहसा तेथेच कापला जातो. अमेरिकी सरकारी सेवेच्या पेन्शनवरही कर अमेरिकेचाच. परंतु पेन्शनर भारताचा निवासी आणि नागरिक असेल, तर तो अधिकार भारताकडे येतो. ब्रिटनचे स्टेट पेन्शन मात्र १९९३ च्या करारानुसार राहत्या देशात, म्हणजे भारतात करपात्र आहे.

विवरणपत्र : आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चा आयकर कायदा लागू आहे, १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. माजी मालकाकडून मिळणारे पेन्शन ‘पगार’ या शीर्षाखाली, तर सामाजिक सुरक्षेचा लाभ व कुटुंब निवृत्तिवेतन सामान्यतः ‘इतर स्रोत’ या शीर्षाखाली दाखवतात. परदेशी उत्पन्न वा खाते असलेल्या सर्वसाधारण निवासी व्यक्तीला सोपे आयटीआर-१ चालत नाही; पगार व पेन्शनवाल्यांसाठी आयटीआर-२ आहे. त्यात शेड्यूल एफएसआयमध्ये उत्पन्न, शेड्यूल टीआरमध्ये परदेशी कराची वजावट आणि शेड्यूल एफएमध्ये परदेशी खाती येतात. खात्यांची माहिती मात्र कॅलेंडर वर्षाची द्यावी लागते. परदेशात भरलेल्या कराची वजावट हवी असल्यास फॉर्म ६७ भरावा लागतो. परकीय चलनाचे रुपये स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने करतात. करारामुळे येथे करमुक्त असलेली रक्कम शेड्यूल ईआयमध्ये दाखवतात. तिच्यावर परदेशात कापलेल्या कराची वजावट येथे मिळत नाही.

उदाहरण : भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या नागपूर जिल्ह्यातील भिवापूरला परतून शेती पाहणारा, ब्रिटनचे स्टेट पेन्शन घेणारा निवृत्त माणूस समजा. मिरचीचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त, पेन्शन करपात्र. पेन्शनसह इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपलीकडे आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांवर गेले, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही मोजले जाते.

महत्त्व : कर लागत नाही म्हणजे नोंद करायची नाही, हा समज सर्वांत महागात पडतो. २०१५ च्या काळा पैसा कायद्यान्वये परदेशी मालमत्ता न दाखवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून, एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट आहे. आयुष्यभराच्या श्रमाचे हे पेन्शन म्हातारपणाचा आधार असते. म्हणून परतण्याच्या वर्षापासूनच वास्तव्याचे दिवस, पेन्शनची पत्रे आणि परदेशी करकपातीचे दाखले जपून ठेवावेत. दर्जा, करार व वजावट या तिन्ही गोष्टी त्यांच्याच आधारे सिद्ध होतात.