मँचेस्टरची मतपेटी आणि मुंबईची गिरणी

१/ जानेवारी १९०६. जेमतेम दीड महिन्यापूर्वीपर्यंत ब्रिटनचे पंतप्रधान असलेले आर्थर बाल्फोर मँचेस्टरमधील आपल्याच मतदारसंघात पराभूत झाले. त्याच शहरातील दुसऱ्या मतदारसंघातून विन्स्टन चर्चिल निवडून आले. या निवडणुकीतील एक कळीचा वाद होता जकातीचा. निवडणुकीचा निकाल कारखान्यांचे भवितव्य कितपत घडवू शकतो, याची ही कथा.

२/ वादाची ठिणगी पडली मे १९०३ मध्ये. जर्मन आणि अमेरिकन मालाच्या स्पर्धेने ब्रिटिश कारखानदार अस्वस्थ होते. बर्मिंगहॅमचे नेते जोसेफ चेंबरलेन यांनी मागणी केली, की परकीय मालावर जकात बसवावी आणि साम्राज्यातील मालाला सवलत द्यावी. हुजूर पक्ष या प्रश्नावर दुभंगला. चर्चिल तर याच कारणास्तव पक्ष सोडून उदारमतवाद्यांना मिळाले.

३/ बर्मिंगहॅमच्या धातुउद्योगाला जकात हवी होती. लँकेशायरच्या कापडगिरण्यांना ती नको होती. कारण उघड आहे. लँकेशायरचा कापूस अमेरिका आणि इजिप्तमधून येई, आणि तयार कापडाचा फार मोठा भाग परदेशी जाई. अशा धंद्याला स्वदेशाच्या बंदरावरील भिंतीचा उपयोग काय?

४/ कामगारांना भीती होती महागाईची. धान्यावर जकात बसली तर पाव महागेल. ‘मोठा पाव की छोटा पाव’ ही चित्रे प्रचारात गाजली. उदारमतवाद्यांना सुमारे ४०० जागा मिळाल्या आणि खुला व्यापार टिकला.

५/ परंतु लँकेशायरच्या या तत्त्वनिष्ठेला दुसरी बाजू होती. ती पाहण्यासाठी दहा-बारा वर्षे मागे जाऊन मुंबईकडे वळावे लागते.

६/ १८९४ मध्ये हिंदुस्थान सरकारची तिजोरी अडचणीत होती. म्हणून आयात कापडावर ५ टक्के जकात बसली. लँकेशायर खवळले. १८९५ च्या निवडणुकीत तेथे ही जकात प्रचाराचा विषय झाली आणि लंडनमध्ये हुजूर पक्ष व त्याचे मित्र सत्तेवर आले. त्याच निवडणुकीत दादाभाई नौरोजींनी पार्लमेंटमधील आपली जागा गमावली.

७/ १८९६ मध्ये आयात कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर आली. त्याच वेळी हिंदी गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के कर लादला गेला. हिंदी गिरण्यांचे बरेचसे कापड जाडेभरडे होते. लँकेशायरच्या तलम कापडाशी त्याची थेट स्पर्धाही नव्हती. तरीही गरिबाच्या धोतरा-लुगड्यावर कर बसला.

८/ येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मुंबईच्या गिरणीमालकाला वा गिरणीकामगाराला या निर्णयात मत नव्हते. लँकेशायरच्या मतदाराला होते. ‘खुला व्यापार’ या शब्दांना मुंबईत आणि पुण्यात संशयाचा वास येऊ लागला तो यामुळेच. पुढे स्वदेशीच्या चळवळीला धार आली, त्यामागे ही जखमही होती.

९/ १९१३ साली लँकेशायरने सुमारे ७०० कोटी यार्ड कापड निर्यात केले. त्यांपैकी जवळजवळ ३०० कोटी यार्ड एकट्या हिंदुस्थानात आले. हा त्या उद्योगाचा कळस होता, आणि एकाच गिऱ्हाइकावर किती भिस्त होती याचा पुरावाही.

१०/ मग महायुद्ध आले. युद्धखर्चात हिंदुस्थानने मोठा वाटा उचलला. त्यासाठी १९१७ मध्ये कापडावरील जकात साडेसात टक्के झाली आणि देशी कापडावरील कर मात्र वाढला नाही. लँकेशायरने पुन्हा आकांडतांडव केले. या वेळी भारतमंत्री बधले नाहीत. त्यांचे नाव ऑस्टिन चेंबरलेन, जोसेफ यांचे थोरले चिरंजीव.

११/ १९२१ मध्ये जकात ११ टक्क्यांवर गेली. देशी कापडावरील कर १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला आणि १९२६ मध्ये रद्द झाला. दरम्यान जपानी कापड आशियाच्या बाजारांत उतरले होते.

१२/ ब्रिटनमध्ये मात्र जुनाच वाद चालू होता. १९२३ मध्ये बाल्डविन यांनी जकातीसाठी कौल मागितला आणि बहुमत गमावले. जानेवारी १९२४ मध्ये मजूर पक्षाचे पहिले सरकार आले. मंदीनंतर १९३१ च्या निवडणुकीत ‘राष्ट्रीय सरकार’ने ५५० हून अधिक जागा जिंकल्या. फेब्रुवारी १९३२ मध्ये सर्वसाधारण १० टक्के जकातीचा प्रस्ताव मांडताना अर्थमंत्र्यांनी आपल्या वडिलांचे स्मरण केले. ते होते नेव्हिल चेंबरलेन.

१३/ जोसेफ यांचे स्वप्न साकार झाले, पण लँकेशायर सावरले नाही. १९३८ पर्यंत कापडाची निर्यात १५० कोटी यार्डांच्याही खाली आली. गमावलेली बाजारपेठ लिव्हरपूलच्या धक्क्यावर नव्हती; ती मुंबई, कलकत्ता आणि शांघाय येथे होती. तेथे ब्रिटिश जकात काय करणार?

१४/ म्हणून १९०६ च्या आणि १९३१ च्या मतदारांनी परस्परविरोधी कौल दिले, तरी लँकेशायरच्या गिरण्यांचा शेवट टळला नाही. १८९५ च्या मतदाराचा हात मात्र थेट मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचला होता, कारण त्या बाजारावर त्याच्या सरकारचे राज्य होते. ती सत्ता सैल होताच मतपेटीचा प्रभाव स्वदेशाच्या किनाऱ्यापाशी थांबला.

१५/ आजही पाश्चात्त्य देशांत कारखाने परत आणण्याची आश्वासने प्रचारसभांत दिली जातात. ती ऐकताना एक साधा प्रश्न विचारावा : हा कारखाना आपले गिऱ्हाईक घरात गमावतो आहे, की परक्याच्या बाजारात? लँकेशायरला या प्रश्नाचे उत्तर फार उशिरा उमगले.